भवानी

तेचिमानच्या बाजारामागे, यामचे ट्रक रिकामे होतात तिथे
मॅडम पोमांचा निळा कंटेनर. दारावर रंगवलेली बाई,
तिचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा.
तिच्या नजरेखाली मी तीन वर्षं काढली.

येताना आणलं होतं :
प्लास्टिकची एक खुर्ची, साबणाचा खोका, दोन टॉवेल,
मॅडमसाठी जिनची बाटली,
आणि अर्धी फी. उरलेली अर्धी
आई दर शुक्रवारी आणून द्यायची, यामची माती लागलेली.

पहिलं वर्ष झाडूचं.
जमिनीवर केस, काही डोक्यांवरचे, काही पाकिटातले,
सुपलीत सगळे सारखेच काळे.
दुसऱ्या वर्षी फणीचं शेपूट हातात आलं.
भांग सरळ येईना.
"डुफी, हा भांग की बकऱ्यांची पायवाट?"
तिसऱ्या वर्षी हात बसला.
मी मात्र उभीच, सहा सहा तास, एकाच मानेमागे.

एका डोक्याचे दीडशे सेडी.
त्यात कंटेनरचं भाडं, वीज गेली की जनरेटरचं पेट्रोल,
आणि माझे जेवणापुरते पंधरा.
बोटांची पेरं कुठल्या रकान्यात लिहायची,
मॅडमनी शिकवलं नाही.

कोनाडू अक्राला गेली, नवऱ्यांचा मेकअप करते,
म्हणजे नवरीमुलींचा. एका नवरीत माझा अख्खा महिना.
लग्नं नसतात तेव्हा जुन्याच नवऱ्यांचे फोटो पाठवते.
फ्रेमा हॅम्बुर्गला. युरोत कमावते म्हणे,
वेण्या थोड्या, हॉटेलच्या चादरी फार.
सेरवा घरीच विग शिवते, रात्री, मुलं निजल्यावर.
तिचे गुडघे शाबूत आहेत. डोळ्यांचं ती बोलत नाही.

गेल्या शनिवारी मला पांढरा झगा घालून
माझ्याच खुर्चीत बसवलं. पाद्र्याने प्रार्थना म्हटली,
मग सगळ्यांनी डबेच्या डबे पावडर ओतली माथ्यावर.
मी शिंकत शिंकत स्वतंत्र झाले.
प्रमाणपत्रावर नावाचं एक अक्षर चुकलंय.

आज सोमवार. मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी
उसनी छत्री, तीच खुर्ची, आरसा नवा.
नऊ वाजले, दहा वाजले. भवानी व्हायची होती.
साडेदहाला आई आली.
"केवढ्याला?"
"तुला कशाचे पैसे?"
"मी काय विचारलं?"
"दीडशे."
"ऐंशी."
आईने आईसारखं बोलणं घरी ठेवलं होतं.
हात कमरेवर, मान तिरकी,
लोक थांबून बघायला लागले.
एकदा तर ती उठून चार पावलं गेलीसुद्धा.
एकशे दहावर तुटलं.

डोक्याचं फडकं सोडलं तिने.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी
मी तिची टाळू पाहिली :
जिथे परात ठेवायची, तिथे केस नव्हते.
तळहाताएवढी गुळगुळीत जागा.
फणी तिथे येऊन थांबली.
"काय झालं? हात बसला नाही का?"
मी बाजूचे पेड घेतले, लांबून वळवले,
त्या जागेवरून नेले, अगदी सैल,
मुळाला ताण नको म्हणून.
चार तास लागले. बाकी कुणी आलं नाही.

आरशात तिने फक्त भांग तपासला, बोट फिरवून.
मग कनवटीतून नोटा काढल्या,
एकशे वीस दिले,
आणि हात पुढे करून उभी राहिली
दहा सुटे परत घ्यायला.