अर्धा इंच

ज्या खाकी कागदावर एरवी बाह्या आखते
त्यावर आज खडूनं शुक्रवार आखला.
संध्याकाळची गाडी. बल्लारशा, वारंगल,
मग झोपेत निघून जाणारी स्टेशनं.
शनिवारी सकाळी चेन्नई, तिथून बस,
दुपार कलता कलता पाँडिचेरी.
रविवारी जेवून परत.
एवढंसं कापड, आणि त्यातून दोघांचं काढायचं.

कापड कमी असलं की मी आधी घाबरत नाही.
उभं घालून बघते, आडवं घालून बघते.
यांची सोमवारची पहाटेची पाळी,
मानेवाड्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह,
नामदेवनं उघडला
तर रविवारची अख्खी सकाळ निघते.

पौष मुद्दाम निवडला.
पौषात लग्नं नाहीत,
नवऱ्या मुलींच्या आया दारात उभ्या नाहीत.
झामरेबाईंचे दोन अस्तराचे गुरुवारी देऊन टाकीन.
किल्ली मेश्रामांकडे. मांजरही त्यांच्याचकडे,
तसं ते जेवतं तिकडेच.
गाडीत खायला पोळ्या, ठेचा,
आणि साल सुटलेली संत्री डझनभर.

भाचीनं मोबाइलवर गाव दाखवलं.
फ्रेंचांच्या वेळची घरं, जुना दीपस्तंभ,
किनाऱ्याला काळे दगड रचलेले,
आणि संध्याकाळी तो रस्ता गाड्यांना बंद:
माणसं नुसती चालतात.
मला भिंतींचा पिवळा आवडला.
तसा अस्तरात मिळत नाही, इतवारीत सुद्धा.

खोल्या दोन तऱ्हेच्या.
समुद्राकडे तोंड असलेली नऊशेनं महाग.
घेऊन टाकू, मी म्हटलं.
हे ताटावरून मान वर न करता म्हणाले,
"समुद्राकडची नको."
"काऊन? पैशासाठी?"
"पैशासाठी नाही."

मग वरण गार होईपर्यंत बोलले,
एकतीस वर्षांत न बोललेलं.
एकोणीसचे होते. नौदलाच्या भरतीला विशाखापट्टणम.
घरून न सांगता, आतेभावाचे बूट घालून.
मैदानात रांग. रांगेच्या पलीकडे तो,
दिसत नव्हता, पण आवाज येत होता.
"शालिक डोमाजी", हाक आली.
टेप फिरली. श्वास भरून, फुगवून, परत एकदा.
अर्धा इंच कमी.
स्टेशनवर परत आले ते त्याच्याकडे पाठ करून.
"पाचशे पावलांवर होता," म्हणाले.
"नाही पाहिला. गेलो नाही."

आणि मग नळ सोडत राहिले जन्मभर,
अर्ध्या मानेवाड्याला पाणी.

दुसऱ्या दिवशी तिकिटं काढायला स्कूटरवर निघालो.
झिरो माइलपाशी यांनी गाडी थांबवली, कारण नसताना.
शिळेवर हैदराबादचे मैल आहेत, चांद्याचे,
रायपूरचे, जबलपूरचे.
समुद्राचे नाहीत.
चारही घोडे आपले उधळलेले, जागच्या जागी.
हे वाचत होते की काय करत होते, कळलं नाही.
"चल," म्हणाले, "खिडकी बंद होईल."

रात्री शर्टाचं माप घेते म्हणून उभं केलं.
नवा शर्ट शिवायचाच होता, खोटं नाही.
टेप काखेतून घातली, पाठीवरून ओढली.
यांनी श्वास भरून धरला.
मी काही सांगितलं नव्हतं तरी.
"सोडा," म्हटलं, "तसंच चार इंच जास्त भरतंय."
हे हसले. मग पुष्कळ वेळ हसलेच नाहीत.
मी टेप काढायची विसरले.

तिकिटं पक्की झालीत. खालची एक, मधली एक.
खोली कोणती, ते अजून लिहिलं नाही.
कागदावर तेवढी जागा सोडून ठेवली आहे,
शिवणीत माया सोडतात तशी,
लागली तर उसवून वाढवता येते.

झामरेबाईंचे हुक राहिलेत.