हडपसर मुक्कामीचा खर्च

रुमाल सोडला की आधी शिंक येते,
मग धारराव पानसंबळ येतात.
शिंद्यांकडचे हजारी सरदार,
पण माझ्यापुढे येतात ते हिशेबातून:
चंदी, नालबंदी,
उंटाच्या जखमेला हळद अदशेर.

त्यांचा पराक्रम मी वाचलेला नाही.
उज्जैनला हरले असं म्हणतो, कारण
त्या महिन्यात तोफेचे बैल घेतले चौदा
आणि आधीचे चौदा कुठे गेले ते कुणी लिहिलं नाही.
इंदुरास जिंकले असणार.
एका दिवसात साखर साडेतीन मण.
मग बऱ्हाणपुराहून खाली, पुण्याकडे,
वाटेत जोडेच जोडे.

दोन्हीकडे भंडारा, दोन्हीकडे हर हर महादेव.
हा खर्च कुठल्याच यादीत लागत नाही.

थोरला रखमाजी होळकरांकडे गेला होता, रुसून,
एका घोडीपायी.
तेही पत्र आहे:
चिरंजीव रखमाजीस आशीर्वाद उपरी विशेष,
घोडी तुझीच होती, पाठवितो, उत्तर यावे.
उत्तर दप्तरात नाही.

आणि मग दिवाळीतला सोमवार.
दारू, गोळे, फडक्यांस जुनेर,
जखमींस डोल्या सहा,
गोवऱ्या बाराशे,
सुत १.

मोडीत आधी लांब रेघ ओढतात,
मग तिला अक्षरं टांगत जातात, हात न उचलता.
उकार एकच. ऱ्हस्व की दीर्घ
ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.
दीर्घ वाचलं तर दोरा.
ऱ्हस्व वाचलं तर मुलगा.

केंजळेबाई म्हणाल्या, सामानाची यादी आहे ना,
मग सूत लिहा आणि पुढचा रुमाल घ्या.
बरोबरच आहे त्यांचं.
मुलाला कोण लिहितं असं, गोवऱ्यांच्या खाली?
ते तर चिरंजीव लिहायचे, दर वेळी,
पैशाची तक्रार करतानासुद्धा.

पण सुताला तोळा असतो, शेर असतो, लडी असते.
नुसतं एक?
आणि ही ओळ कारकुनाची नाही.
कारकुनाचा हात गोल, बसका.
इथे रेघ मध्येच थांबलीय
आणि जिथं थांबली तिथं शाईचा डाग
डाळीएवढा.
शिवाय चिरंजीव हा शब्द
त्या संध्याकाळी कुणी कसा लिहावा?

पुढे चौदा वर्षं ते जगले. लढलेही,
कुणाच्या बाजूनं ते नीट लागत नाही.
त्या कागदांत धाकट्याचं नुसतं नाव येतं,
मागं काही नाही.

नकलेत मी ती जागा पेन्सिलीनं ठेवली.
बाई खोडतील.

साडेपाचला पुलगेटहून बस.
गाडीतळ, गाडीतळ, कंडक्टर ओरडतो,
कुठल्या गाड्या ते त्याला विचारून उपयोग नाही.
उतरलो की समोर फळांचे ढीग, रिक्षा, मोबाइलची दुकानं,
एवढी माणसं, की पाय ठेवायला
खालची जमीन दिसत नाही.

बायकोनं पांढरा दोरा सांगितला होता.
किती, दुकानदार विचारतो.
एक, मी म्हणतो.
तो हात बरणीवर ठेवून थांबतो:
एक काय, साहेब?
रीळ की लडी?

मागून कुणीतरी सुट्टे पुढे करतं.