तंडी

हॉस्टेल उघड्या माळावर.
काकतीकडून वारा निघाला की त्याला अडवायला
एक हायवे, दोन ढाबे
आणि आमच्या बाथरूमची फुटकी काच.

डिसेंबरात सकाळी सातला मेसची रांग
म्हणजे शालींची रांग,
चेहरे नंतर यायचे.
शिवमोग्ग्याची चैत्रा म्हणायची, चळी.
मला वाटे, हिला कसला चळ लागलाय.
अथणीकडची लगमा म्हणायची, तंडी.
पहिल्यांदा दचकलेच मी.
हा तर आमचाच शब्द,
वाटेत कुठेतरी ह सांडून आलेला.

मी जांबोटीची. आमच्याकडे थंडी म्हणजे
काजूच्या पाल्याचा जाळ, आप्पांची माकडटोपी
आणि जाळाकडे बघत गप्प बसणं.
इथे शेकोटीला बंदी,
म्हणून मुली बोलून बोलून ऊब काढत.
कुणाचं जमलंय, कुणाचं फिसकटलं,
सेमिनारला सर कुणाकडे बघत होते.
भाषा मध्येच बदलायची,
कूस बदलावी तशी.

खोली सव्वीसमध्ये एक कॉइल होतं,
सुमैयाच्या ट्रंकेत, परकरात गुंडाळून.
रात्री अकरानंतर बादलीत सोडायचं,
एकीने दाराशी कान लावायचा,
आणि पाण्यात बोट कुणीच घालायचं नाही.
लगमा घालायची.
शॉक बसला की देवाचं नाव कन्नडमध्ये,
शिवी मराठीत.

मग अधिवेशनाचा आठवडा आला.
गावातले लॉज पोलिसांनी भरले,
कोगनोळीला बस अडवल्या,
कुणीतरी पाट्यांना काळं फासलं.
आप्पांचा फोन : आठ दिवस गावाकडे निघू नकोस गे.
आणि बाहेर मोठ्यानं मराठी बोलू नकोस.
हे शेवटचं ते फार हळू बोलले,
फोनलाही भाषा कळत असल्यासारखे.

त्याच रात्री कॉइलने अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडवला.
अंधारात, तीन-चार दारांपलीकडून,
कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं,
ह्या मराठीवाल्यांचंच काम.
मला कळलं.
कळू नये इतकी मी परकी नव्हते.

वॉर्डन मॅडम टॉर्च घेऊन आल्या.
उजेड एकेकीच्या तोंडावर थांबत गेला,
माझ्यावर जरा जास्त वेळ.
कुणाचं हे?
माझी जीभ टाळूला चिकटलेली,
आणि सुमैया ट्रंकेवर बसलेली, जणू ट्रंकच पळून जाईल.
लगमा उठली.
नंद्री, म्हणाली. माझं.

दोनशे रुपये दंड. चौघींचे पन्नास-पन्नास.

नंतर दोन कॉट जोडून
लगमाच्या मामाची काळी कंबळी ओढली चौघींवर.
भयंकर टोचायची.
मेंढरांचा वास, धुराचा वास,
कुणाचे पाय कुणाला लागतायत कळेना.
तू का सांगितलंस, मी विचारलं.
ती झोपली होती, किंवा झोपल्याचं करत होती.

पहाटे गेटबाहेरच्या टपरीवर गेलो चहाला.
धुकं एवढं की दुकानांच्या पाट्या दिसेनात,
कुठल्या लिपीत आहेत यावर भांडायला
काही शिल्लकच नव्हतं.
(नऊ वाजता पाट्या परत आल्या.)
लगमानं ग्लास दोन्ही तळव्यांत धरला,
म्हणाली, भाळ तंडी ऐत वैजू,
आणि तिच्या तोंडातून वाफ निघाली,
शब्दाच्या मागोमाग, पांढरी, जरा उशिराने.
तेव्हा मला तो ह सापडला.

एवढंच. कॉइल जप्त झालं,
उरलेला हिवाळा आम्ही गार पाण्यानं काढला,
म्हणजे बहुतेक दिवस आंघोळीशिवाय.
लगमा आता शाळेत शिकवते, तिकडेच.
माझे पन्नास तेव्हा सुमैयाने भरले होते.
द्यायचे राहिलेत.
दर डिसेंबरात आठवतं,
पहिल्यांदा नाक गळायला लागलं की.