शेऱ्याचा रकाना

कोरा कागदही कोरा नसतो.
त्याचं वजन असतं, एकशे शेहेचाळीस मिलिग्रॅम,
ते आधी लिहून ठेवायचं,
मग कागद डबीत घालून जिना चढायचा.
हाताळायचा चिमट्यानंच. बोट लागलं
तर माझा घाम
सोलापूरच्या हवेच्या नावावर चढतो.

पूर्व भागातल्या मनपा शाळेच्या गच्चीवर
चार वर्षं उभं आहे माझं यंत्र,
चोवीस तास एकाच चालीनं श्वास ओढत.
खाली सातचा पाढा. समोर रंगाई कारखान्याचं धुराडं.
आणि शेजारच्या गच्चीवर नरसूबाई गड्डम,
सासऱ्याचं धोतर झटकून वाळत घालणारी.

"आज एंत?" ती विचारायची,
मंगळवार बाजारात मेथीचा भाव विचारावा तशी.
"एकशे अठरा."
"माझ्याकडं बी तेवढंच," म्हणायची,
आणि धोतराची कड उन्हात धरून दाखवायची,
काळे बारीक ठिपके, राळ्याच्या दाण्यांसारखे.
तिच्या मोजणीला वीज लागत नव्हती.
माझी मोजणी भारनियमनात अडायची
आणि त्या दिवशीच्या चौकटीत मी लिहायचो : ला. ना.,
म्हणजे लागू नाही.
त्या दिवशीही सगळ्यांनी श्वास घेतलाच होता.

आराखडा आला. जाड, गुळगुळीत कागदाचा.
लाकूड-कोळशाच्या जागी गॅसवरचे बॉयलर,
रस्ता झाडणारी गाडी,
पाच वर्षांत चाळीस टक्के घट.
मला आवडला तो, खरंच सांगतो.
माझ्या कागदाला कुणीतरी काम दिलं होतं.

मग आकडा उतरू लागला.
एकशे एक. ब्याऐंशी. एकसष्ट.
वरच्या कार्यालयातल्या पडद्यावर हिरवा बाण,
टोक खाली.
साहेबांनी पेढे दिले, कंत्राटी लोकांनाही.

पेढा तोंडात होता तेव्हा जाणवलं,
किती तरी दिवसांत खटखट ऐकली नाही.
गल्लीतले माग कधी थांबले?
एकेक करत थांबले असणार, 
जसे पाहुणे न सांगता उठून जातात.
यंत्राला कान नाहीत.

नरसूबाईचे चार माग किलोच्या भावानं गेले.
मुलगा भिवंडीला.
रंगाईवाल्याकडं सूतच येईना, भट्टी कशासाठी पेटवायची?
गॅसची नळी चौकापर्यंत आली आहे,
तोंडाला प्लास्टिकचं टोपण लावून.
एमआयडीसीत म्हणे एकानं खरोखर बॉयलर बदलला,
पगार चालू, धूर नाही.
तिथं यंत्र नाही.

"आज एंत?"
"अठ्ठावन्न."
"कमी झालं की!"
हसली. मग हातांकडं बघितलं तिनं,
कांड्या भरून भरून बोटाला पडलेलं घट्टं
आता मऊ पडू लागलंय.
दोरीवर धोतर, दुधासारखं.
"स्वच्छ हाय बघ," म्हणाली, "खोटं कशाला बोलू."

आकडाही खोटा नाही.
तीनदा तोललाय मी तो, दमट हवेचा फरक काढून.
तो फक्त हवेत काय नाही एवढं सांगतो,
का नाही, ते नाही सांगत.

चार वर्षं शेऱ्याच्या रकान्यात मी 'निरंक' लिहीत आलो.
आज लिहायला बसलो :
समोरचं धुराडं अकरा तारखेपासून थंड. गॅस जोडणी नाही.
परिसरातले माग विकले गेल्यामुळे सदर घट
आराखड्याच्या खात्यावर धरता येणार नाही...
नव्या फॉर्मनं 'समोरचं धुराडं'पाशीच हात धरला.
वीस अक्षरांची जागा आहे.

खोडलं. पुन्हा मोजून लिहिलं.
माग बंद. धूर बंद.
बसलं.
खाली सही केली, रेवणसिद्ध हत्तुरे, क्षेत्र सहायक,
आणि उद्याचा कागद तोलायला घेतला,
काहीच न घडलेल्या दिवसाचा.
काटा बराच वेळ हलत होता. पंखा चालू राहिला होता.