कायम

जुबैल. कंपनीच्या ऑफिसात
इकाम्यासाठी पुन्हा उभी आहे, नवव्यांदा.
पर्समध्ये दुसरं कार्ड आहे,
उल्सानचे दोन हिवाळे काढून मिळालेलं.
तिथल्या बाईंनी विचारलं होतं,
नवरा घोरतो का?
डाव्या कुशीवर असला की नाही, म्हटलं.
त्यांनी लिहून घेतलं. लग्न खरं ठरलं.

सोक-ह्युन वेल्डिंग तपासतो.
पहिल्यांदा दारात आला तो सुक्या बांगड्याच्या वासावर.
तक्रारच असणार म्हणून मी आधी खिडकी लावली,
मग दार उघडलं.
त्याच्या हातात रिकामी वाटी.

रांगेतले देवगडचे फाटक म्हणतात,
वहिनी, तुम्ही काय, कायमच्या झालात!

इकामा, मुक्काम, कायम,
एकाच मुळाचे शब्द, इथलेच,
कधीतरी गलबतांबरोबर आमच्या बंदरात उतरलेले.
इथे मला पहिलाच मिळाला,
तोही वर्षाच्या बोलीवर.
तिसरा द्यायला
बर्फातली एक परकी बाई लागली.

काल आईला सांगितलं.
बराच वेळ फोनमध्ये नुसता तिचा पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाली, कायमचं म्हणजे गं?

अगं, कार्ड आहे नुसतं, म्हटलं.
त्यावरही तारीख असते.
दहा वर्षांनी बदलून घ्यायचं.