एकच खुंटी

उद्यमनगर. आप्पांच्या लेथमागं
पत्र्याच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर.
ऑर्डरीची ओळ तोडायची होती:
बुश,पुली,शाफ्ट,कपलिंग
स्ट्रटॉकनं चारी तुकडे नीट काढून दिले.
मग सहज मूळ ओळ छापली.
बुश.
एवढंच.

मगदूम मॅडम फोनवर हसल्या.
"अगं, ते बघून परत देत नाही, कापतं.
स्वल्पविराम होता तिथं शून्य ठेवून जातं.
आधी प्रत काढायची, मग द्यायची."

म्हणजे पुली आहे. शाफ्टही आहे.
जागचं काही हललेलं नाही,
वाचणाराच पहिल्या शून्याशी थांबतो.

पुढचा तुकडा मागताना
रिकाम्या हातानं विचारायचं,
कुठवर आलो ते त्याला आठवतं.
पण मधेच दुसरी ओळ पुढं केली
की पहिली गेली.
एकच खुंटी त्याला.

आप्पांचंही तसंच.
डायल फिरवताना कुणी हाक मारली
की "थांब की जरा!"
आणि तोवर आकडा गेलेला.
आज सकाळी हाक मीच मारली, चहासाठी.
शाफ्ट पाच पॉइंट बारीक झाला.
आप्पा काही बोलले नाहीत,
बुरा गोळा करून बादलीत टाकला.

लोखंडाची प्रत निघत नाही.
ओळीची निघते. काढली,
शेवटच्या शून्यासाठी एक जागा जास्त धरून.
चालवलं.
बुश,पुली,शाफ्ट,कपलिंग

आप्पा नवा रॉड चकमध्ये आवळत होते.
ओठ हलत होते, मोजत असावेत.
चहा झाकून ठेवला.