बी की आठ

नव्या मशीनने आधी नमस्कार केला,
मग माझा ईमेल मागितला,
मग चेहरा.
मी पदराने कॅमेऱ्याचं भोक पुसलं.
दुकान उघडायला चेहरा कशाला?
किल्ली पुरते.

प्रभादेवीचा गाळा, आठ बाय अकरा.
एकोणतीस वर्षं लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं,
सोसायट्यांच्या नोटिसा, मंडळांचे अहवाल
ज्याच्यावर जुळवले ते जुनं मशीन
पाडव्याच्या आदल्या रात्री धूर सोडून गेलं.
हार्ड डिस्क तेवढी वाचली.
म्हणजे ती वाचली,
तिच्यातलं कुणाला वाचता येईना.

नव्यात फाईल उघडली की पानभर
छत्र्या, खिळे, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर दोन-दोन टिंबं घेतलेले परके स्वर.
भाच्याने कुठलासा कन्व्हर्टर लावला.
अक्षरं आली, पण खोतांच्या कोशात
जिथे जिथे दर्या होता
तिथे दऱ्या झाल्या,
आणि वरळीच्या होड्या पहाटे चार वाजता
दऱ्यांत उतरू लागल्या.

खोत आमचे मुद्रितशोधक.
कोळीवाड्यातले शब्द वहीत उतरवून आणायचे
आणि वहीला कोलिमाचा वास यायचा.
दोनशे चौदा पानं झाली होती.
वाकटीपर्यंत आले
आणि गेले.

लॅमिंग्टन रोडवरून हुसेफा आला,
सॅकमध्ये सीड्यांचा डबा, वर स्वतःचा डबा.
"आंटी, लोक जुनं काढून नवं टाकायला बोलावतात.
उलटं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या.
वॉरंटी जाईल."
जाऊ दे म्हटलं.
सगळं पुसलं त्याने. नमस्कारसुद्धा.

दोनदा निळा पडदा आला,
त्यावर पांढऱ्या अक्षरांत तक्रारी.
मग एका काळ्या पानावर त्याने एकच शब्द बदलला: लेगसी.
म्हणजे काय रे?
"म्हणजे, जुनं आहे, चालवून घे,
असं मशीनला सांगायचं."
मी शे-दोनशे श्रद्धांजल्यांत
याच शब्दाचा वारसा करून बसवलाय.
हुसेफाचा अर्थ जास्त बरा वाटला.

मग त्याने पंचवीस अक्षरं मागितली.
जुन्या डब्याच्या कुशीवर स्टिकर,
निम्मा पुसलेला, निम्म्यावर खळ.
सतरावं अक्षर बी की आठ?
त्याने मोबाईलचा उजेड पाडला. फोटो काढून मोठा केला.
मी खणातून खोतांचं भिंग काढलं,
काचेला अजून त्यांच्या अंगठ्याचा ठसा,
तो पुसला नाही, कडेने पाहिलं.
पाठ ताठ आहे. बी.
लागली किल्ली.

आवाज येत नाही. इंटरनेट येत नाही.
तारीख एक जानेवारी दोन हजार दोन.
"दुरुस्त करू?"
थांब जरा.

फाईल उघडली.
छत्र्या मिटल्या. खिळे सरळ झाले.
दर्या दर्यात परत आला,
रफार डोक्यावर, शिडासारखा.
मी खाली खाली जात राहिले,
मांदेली, तारली, काळुंद्रं,
आणि पान एकशे एकसष्टवर
मुडदुशीचं मुददुशी.
माझ्याच हातचं.
तीन वाचनं झाली होती त्या पानाची,
शेवटच्यावर त्यांची सही.
काय हो खोत.

कर्सर त्या द-वर टुकटुक करतोय.
"आठशे झाले, आंटी," हुसेफा म्हणतो,
मग स्क्रीनकडे वाकून,
"हा मासा कुठला?"
बस, म्हटलं.
आधी त्याला नीट करते,
मग सांगते.